थिनर जातो कुठं?

प्रश्न: दादा नमस्कार. फोंड्याजवळ माझं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे, मी आणि दोन पोरं, बस. शेजाऱ्यानं वासाची तक्रार केली म्हणून प्रदूषण मंडळाचे तपासणीवाले आले आणि विचारतात कन्सेंट (मंडळाची परवानगी) कुठाय, थिनरचा, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाचा, हिशेब कुठाय. आता मी काय केमिकल फॅक्टरी चालवतो का? ओळखीचा एकजण म्हणतो उंच चिमणी मार, वास वर जाईल, भानगड मिटली. मारू का?
– गॅरेजवाला, फोंडा

उत्तर: चिमणीत आत्ताच पैसे घालू नका. तिनं वास या शेजाऱ्याच्या खिडकीवरून पुढच्या वाड्यावर जाईल, थिनर हवेत जायचा तेवढा जाणारच. आधी कागद बघू. गाड्यांची दुरुस्ती आणि रंगकाम केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत ऑरेंजमध्ये, म्हणजे मधल्या प्रदूषणाच्या गटात, धरलं होतं, म्हणजे १९८१ च्या हवा कायद्याखाली कन्सेंट लागतं, दोन पोरांचं गॅरेज असलं तरी. यादीत फेरफार होत असतात, म्हणून राज्य मंडळाच्या साळगावच्या ऑफिसात आपला धंदा आज कशात बसतो ते विचारूनच अर्ज भरा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

आता हिशेब. हा ऐकून लोक घाबरतात, पण वही-पेन्सिलीचं काम आहे. समजा महिन्याला ४० लिटर थिनर लागतो, लिटरला साधारण ०.८५ किलो धरा, झाले ३४ किलो. रंग, प्रायमर, लॅकरच्या डब्यातही सॉल्व्हंट (थिनरसारखं उडून जाणारं द्रव) असतोच, तो धरा १२ किलो. महिन्याला ४६, वर्षाला ५५२ किलो. गाडी वाळल्यावर पत्र्यावर फक्त रंग उरतो, थिनर सगळा उडतो, मग विकत आणलेल्यातला जो डब्यात, पिंपात कुठंच सापडत नाही तो हवेत गेला, दुसरीकडं जायला त्याला जागाच नाही. युरोपात १९९९ च्या सॉल्व्हंट नियमांनी हेच गणित सक्तीचं केलं, गाड्या पुन्हा रंगवणाऱ्यांना वर्षाला अर्धा टन वापराच्या वर गेलात की तेव्हा तो नियम लागू व्हायचा. आपल्याला तो नियम नाही, पण पद्धत उचलावी, कारण तपासणीवाल्यासमोर अशी वही ठेवली की अर्धं बोलणं तिथंच संपतं.

मी एका गॅरेजात तासभर बसलो होतो. थिनरचा डबा सकाळपासून उघडा, वर नुसता पुठ्ठ्याचा तुकडा. रंग फवारायची गन धुवायला पोरगा त्यातून मगभर काढायचा, हवेत फवारून नळी साफ करायचा आणि उरलेला मागच्या माडाच्या बुंध्यात ओतायचा. संध्याकाळी मालक म्हणतो, सप्लायर माप कमी देतो! झाकण लावा, गन बंद डब्यात धुवा, खराब थिनर वेगळ्या कॅनमध्ये लेबल लावून ठेवा. तो २०१६ च्या नियमांत घातक कचरा आहे, ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही, पिसुर्ल्याला त्यासाठी प्रकल्प आहे. आणि जुनी गन बदलून कमी दाबाची घ्या, जुनीतला निम्म्याहून जास्त रंग पत्र्यावर न बसता धुक्यासारखा उडतो, म्हणजे पैसेच उडतात.

प्रश्न: डिचोलीत आमचं फर्निचर पॉलिशचं वर्कशॉप. फवारणीच्या बूथला पाण्याचा पडदा बसवला, विकणारा म्हणाला वास शून्य, तरी वास तसाच. मग कार्बनचा फिल्टर लावला, तो उन्हाळाभर बरा चालला आणि जूनपासून बसला. फसवलं का आम्हाला?
– पॉलिशवाले

उत्तर: पडद्याच्या बाबतीत हो, थोडं फसवलंच. पाणी पकडतं ते रंगाचे थेंब, थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रवाची वाफ पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, ती सरळ पलीकडं जाते. वाफ धरायला कार्बनच हवा. पण हवा फार दमट असली की कार्बन ओलही ओढून घेतो, आणि आपल्याकडं आषाढात हवा म्हणजे पिळायची बाकी ठेवलेलं फडकं, तेव्हा छिद्रं पाण्यानंच भरतात. त्याच दमटपणानं तुमचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश पांढरं पडतं आणि तुम्ही सावकाश उडणारा थिनर घालता, बरोबर ना? उपाय म्हणजे फिल्टरच्या आधी हवा थोडी गरम करून कोरडी करा आणि कार्बन बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहा. फिल्टरनंतर वास यायला लागला म्हणजे तो भरला, वर अत्तर मारू नका (हो, मारणारे भेटलेत मला).

आणि एक, थिनरची पिंपं आत किती ठेवता? लवकर पेटणारं असं द्रव, ज्यात तुमचा थिनर येतो, विनापरवाना एकूण ३० लिटरच ठेवता येतं. पिळर्णच्या पेंट कारखान्याची २०२३ च्या जानेवारीतली आग विसरला नसालच.

प्रश्न: कळंगुटला हॉटेलांचे कोट ड्रायक्लीन करतो, पर्कची (कपडे धुवायच्या सॉल्व्हंटची) मशीन आहे. किती पर्क गेला तर चालतो?
– लाँड्रीवाला

उत्तर: युरोपचा आकडा आहे धुतलेल्या किलोमागे २० ग्रॅम, आणि तिथं लहान दुकानालाही सूट नाही. म्हणजे महिन्याला १००० किलो कपडे धुतले तर २० किलो पर्क गेला, त्यावर जात असेल तर आधी दाराचं रबर बघा, लिंटची (कपड्यांच्या तुसाची) जाळी बघा. कपडे काढताना गरम गोडसर वास आला तर सुकणं पुरं झालेलं नाही, दार लावून आणखी थोडा वेळ फिरू दे. हॉटेलवाल्याचा फोन आला तरी.