पाचवीच्या लेकरांना हाडं मजबूत होण्यासाठी काय खावं, हे कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाचवीचा वर्ग मिळालाय. आहाराचा तक्ता भिंतीवर लावला, मुलांनी तो पाठही केला, पण डब्यात काही फरक पडला नाही. मी शेजारच्या बीड जिल्ह्यात २१ वर्षं शिकवते आहे. तो तक्ता मीही लावून बघितलाय.

माझ्या तक्त्यावर सगळ्यात वर दुधाचा ग्लास होता. रोज एक ग्लास दूध प्यायचं, असं मी सांगितलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमचं दूध डेअरीला जातंय." तिच्या घरी दोन म्हशी होत्या. पहाटे धार निघायची आणि सात वाजायच्या आत कॅन गाडीवर चढायचा. त्या पैशावर घरचा किराणा चालायचा. मी तिला जे प्यायला सांगत होते, ते तिच्याच गोठ्यात रोज तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं. त्या दिवशी तक्ता काढला आणि पुढचा आठवडाभर मुलांना फक्त विचारत राहिले, काल रात्री काय खाल्लं, सकाळी काय खाल्लं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

उत्तरं ठरलेली येतील. सकाळी चहा-बटर, दुपारी शाळेतली खिचडी, रात्री भाकर आणि पातळ वरण, मध्ये पाच रुपयांचा पुडा. आता हिशोब बघा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १० ते १२ वर्षांच्या लेकराला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १३ ते १५ ला १००० लागतं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तिशीच्याही आत असतं, तांदळात त्याहून कमी. भाकरीनं पोट भरतं, अंगात ताकद येते, ती सोडायला कुणी सांगू नये. पण हाडाचं काम भाकरीसोबत ताटात काय पडतं त्यावर आहे, आणि नेमकं तेच ताटातून कमी होत चाललंय.

म्हणून मी नाचणी नाचणी करत नाही. नाचणी चांगलीच आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम देते, पण ती आपल्या रानात पिकत नाही, विकत आणावी लागते. आपल्याकडे तीळ आहेत. सालीसकट तीळ वजनाला वजन धरले तर कॅल्शियममध्ये दुधाच्या दहापट भरतात. लेकरू काही शंभर ग्रॅम तीळ खाणार नाही, पण दोन मोठे चमचे कूट भाकरीवर पडलं तरी दोनशेच्या आसपास जातं. तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून भाजून, कुटून द्यावेत. कारळाची चटणी, जवसाची चटणी आहे. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणतात, त्याची भाजी नाहीतर घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर. मेथी आणि तांदुळजाही आहेच. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीपुढं टाकतो, खरं कॅल्शियम त्या पाल्यात असतं. आणि दूध डेअरीला गेलं तरी ज्या घरी थोडं विरजण लागतं तिथं ताक असतंच. वाटीभर ताक मागायला लेकराला संकोच वाटत नाही. पालकाबद्दल मुलं हमखास विचारतात. त्यातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही, पालक दुसऱ्या गुणांसाठी खावा.

हे नुसतं सांगून पोचत नाही, दाखवावं लागतं. मी कोंबडीच्या तंगडीचं हाड धुऊन बरणीत घालते, वर ते बुडेल एवढं व्हिनेगर ओतते आणि बरणी खिडकीत ठेवते. आठवडाभर रोज कुणीतरी जाऊन डोकावतंच. मध्ये एकदा व्हिनेगर बदलते. मग हाड बाहेर काढून धुते आणि मुलांच्या हातात देते. ते वाकतं! ओल्या फोकासारखं वाकतं, मोडत नाही. आंबटानं त्यातलं कॅल्शियम काढून नेलेलं असतं, मागं फक्त चिवट भाग उरतो. एक पोरगा ते वाकवून बघत होता आणि दुसऱ्या हातानं स्वतःची नडगी चाचपत होता. तो तास मला पुन्हा शिकवावा लागला नाही. मात्र एक सांगून ठेवा, नाहीतर मुलं लिंबू-चिंच खायला घाबरतात. खाल्लेलं आंबट हाडापर्यंत तसं जात नाही. माळकरी घरातल्या लेकरांना हाडाला हात लावायला सांगू नका, त्यांनी लांबून बघितलं तरी पुरे.

मुलींच्या ताटाकडे वेगळं लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोठेपणी हाडांत जेवढं खनिज असतं त्याचा सुमारे पाव हिस्सा उंची झपाट्यानं वाढण्याच्या दोनेक वर्षांत जमा होतो. मुलींची ती वर्षं साधारण अकरा ते चौदा, म्हणजे तुमच्या वर्गातून निघाल्यावर लगेच. आणि बऱ्याच घरांत मुलगी आईसोबत शेवटी जेवते, तोवर ताक संपलेलं असतं. मी पालकसभेत आयांना हे सरळ सांगते. पहिल्यांदा जड जातं, पण आया ऐकतात.

ऊन आणि खेळ यांना पैसे पडत नाहीत. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि ते कातडीत तयार होतं उघड्या उन्हात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. हिवाळ्यात मधल्या सुट्टीत मैदानावर लंगडी, दोरीउड्या घ्या. उडी मारल्यानं हाडावर भार येतो आणि हाड घट्ट होतं. उन्हाळ्यात सकाळीच उरका.

एखाद्या लेकराचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसले तर गोळ्या सुचवत बसू नका, आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं त्यांना दाखवा, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर बोअरचं पाणी तपासून घ्यायला ग्रामपंचायतीच्या मागं लागा. नांदेडकडे किनवट भागात पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं-दात गेलेली माणसं आहेत. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिण्यालायक नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं.

आणि डबे उघडून कुणाचा चांगला, कुणाचा वाईट असं वर्गात कधी म्हणू नका. ऊसतोडीला कोयत्यावर गेलेल्या आईबापाचं लेकरू आजीकडे असतं, ती देईल ते ते आणतं.

सुरुवातीला सगळं एकदम धरू नका. पहिले दोन महिने तीळ-कारळाची चटणी आणि ताक एवढंच. मग येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या येईल. तुमच्या लातूरकडे तर त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात असतात. मुलांच्या शेतात जाऊन जेवा. अंबील म्हणजे ताक आणि ज्वारीचं पीठ, उंडे आहेत, तिळाची पोळी आहे, तुम्हाला जे शिकवायचंय ते सगळं त्या केळीच्या पानावर आहे. भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत काय काय पडतं ते आजीला विचारून लिहून आणायला सांगा. माझ्या वर्गाची यादी सतरा जिन्नसांवर गेली होती, आणि दोन मुली कांद्याच्या पातीवरून भांडत होत्या की ती घालतात का नाही.