मुलाच्या गाण्यात देवाला शिव्या असतात, तेव्हा

नॉर्वेतल्या बर्गनहून एका ताईंचं पत्र आहे. माहेर पाचोऱ्याचं, सासर चोपड्याचं. पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर हेवी मेटल, म्हणजे कर्कश गिटारींचं रॉक संगीत ऐकतो, उलटा क्रूस छापलेला काळा टी-शर्ट अंगातून काढत नाही. गाण्यांचे शब्द वाचून ताईंच्या पोटात गोळा आला. त्यांचे यजमान मात्र म्हणतात, "जाऊ दे ना, आपल्या देवाला थोडाच बोलतोय!"

ताई, मला यजमानांचं हे म्हणणं मुळीच पटलं नाही. आपल्या खानदेशातच नवापूर-चिंचपाड्याकडे कितीतरी आदिवासी कुटुंबं ख्रिस्ती आहेत, चिंचपाड्याला ख्रिस्ती दवाखाना आहे. त्यांच्या श्रद्धेची टवाळी झाली तर ती आपल्याच शेजाऱ्याची टवाळी. तुमचे बर्गनचे शेजारीही तसेच.

आता गाण्यांकडे येऊ. मुलाला आधी एकच विचारा: हे कोण बोलतंय आणि कुणाला? मेटालिका या बँडचं 'द गॉड दॅट फेल्ड' (हरलेला देव) हे १९९१चं गाणं घ्या. नाव ऐकून वाटतं, नास्तिकाची घोषणा असेल. पण गायक जेम्स हेटफिल्डचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे होते, आणि आजार प्रार्थनेनं बरा होतो अशी त्या पंथाची श्रद्धा. आईला कॅन्सर झाला, तिनं उपचार घेतले नाहीत, ती गेली तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. एवढं ठाऊक झाल्यावर दोघं मिळून ते गाणं पुन्हा ऐका. आईवेगळं पोर ओरडताना ऐकू येईल. आपल्या जनीनं विठ्ठलाला काय कमी सुनावलंय? तो तिचा होता, म्हणून ती हक्कानं बोलली. हेटफिल्डचं भांडणही घरातलंच आहे. तुमचा मुलगा त्या घरात वाढलेला नाही. त्यानं ते दुःख समजून घ्यावं, पण त्यातली शिवी उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊ नये.

काही गाणी निव्वळ सोंग असतात. स्लेयर या मेटल बँडचा गायक टॉम अराया स्वतः कॅथलिक आहे, तरी देवाविरुद्धचे शब्द मंचावर गात आला. भोवाड्यात रावणाचा मुखवटा चढवणारा घरी जाऊन दिवा लावतोच की! आणि टी-शर्टवरचा उलटा क्रूस मुळात येशूचा शिष्य संत पीटर याचा. आपण येशूच्या बरोबरीचे नाही, म्हणून त्यानं स्वतःला क्रुसावर उलटं टांगून घेतलं, अशी ख्रिस्ती परंपरा सांगते. हे मुलाला बहुधा ठाऊक नसेल. जरूर सांगा.

पण तुम्ही बर्गनला आहात, म्हणून एक गोष्ट जास्त गंभीरपणे घ्या. तुमच्या शहरातलं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जून १९९२मध्ये जाळलं गेलं. त्या काळात नॉर्वेत ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्याच धर्मविरोधी प्रकारातल्या तरुणांच्या एका टोळक्यानं चर्चना आगी लावल्या. त्यांच्यातल्या एका वादकाला खून आणि जाळपोळीबद्दल १९९४मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. तिथे सोंग संपलं होतं. तुमच्या शेजारच्या आजींना ती आग आठवत असणार. मुलाला फान्टॉफ्टला घेऊन जा. चर्च पुन्हा बांधलंय. काय जळलं होतं ते त्याला तिथे उभं राहून कळू द्या.

गाणी बंद करू नका, तो हेडफोन लावून ऐकेल आणि तुमच्याशी बोलणं तेवढं बंद होईल. तो टी-शर्ट मात्र शाळेत आणि कुणाच्या घरी नको, यावर ठाम राहा. श्रावणात सासूबाई येतील, कानबाईचे रोट होतील, तेव्हा तो घरच्यांत बसतो की नाही ते बघा. बसत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, कुठल्याही माणसांबद्दल द्वेषानं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर गाण्यांवर खापर फोडत बसू नका. त्याच आठवड्यात शाळेच्या परिचारिकेला भेटा. स्वतःला इजा करण्याचं बोलला तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.