डोंगराळ भागात गोड्या पाण्यातल्या शैवालांच्या सर्वांत जास्त जाती कुठे मिळतात? प्रकल्पासाठी फक्त तलाव घेतला तर चालेल का?

नाही चालणार. तलाव घ्या, पण एकटा घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मार्गदर्शकांनी उंचावरचा तलाव सुचवला आणि झरे, पाणथळी, ओले कातळ ‘किरकोळ’ म्हणून सोडून द्यायला सांगितलं. हाच शब्द मी एम.एस्सी.ला असताना ऐकलाय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझाही विषय तलावच होता. दर महिन्याला वर चढायचं, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं गाळून घेणारी प्लवकजाळी ओढायची, नमुना टिकावा म्हणून बाटलीत लुगॉलचं आयोडीन घालायचं आणि उतरायचं. चौथ्या फेरीला तलावाच्या वरच्या अंगाच्या पाणथळीत माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. हाताला स्पंजासारखं पाणी धरणारं स्फॅग्नम मॉस (एक बारीक वनस्पती) लागलं. त्याची मूठभर गादी उपटून बाटलीत पिळली, तर काळ्या चहासारखं पाणी निघालं. त्यात आयोडीन घातलं नाही, तसंच खाली आणलं.

त्या रात्री काचपट्टीवरच्या पहिल्याच थेंबात कातरलेल्या कडांची मायक्रास्टेरियासची हिरवी चकती दिसली. शेजारी चंद्रकोरीसारखं क्लोस्टेरियम होतं, त्याच्या दोन्ही टोकांच्या पोकळीत बारीक स्फटिक थरथरत होते. मग युआस्ट्रम, कॉस्मेरियम, स्टॉरास्ट्रम. ही सगळी डेस्मिड, म्हणजे एकपेशी हिरवी शैवालं, एकाच पेशीचे आरशातल्यासारखे दोन अर्धे. पहाटेपर्यंत वहीची दोन पानं भरली. तलावाची चार महिन्यांची यादी एका पानात मावत होती.

माझ्या गाईडनी यादी पाहिली आणि म्हणाले, “विषय तलाव आहे, चिखल नाही.” मी ते प्रकरण लिहिलं, त्यांनी काढायला लावलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: मॉसमधले, काठावरचे नमुने का नाहीत? गाईड गप्प बसले. मी म्हणाले, “घेतले नाहीत.” बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य अजून बोचतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तलावाच्या मोकळ्या पाण्यात तरंगून राहू शकतील तीच शैवालं टिकतात. शिवाय 20 मायक्रॉनच्या जाळीतून बारीक पेशी निसटून जातात, त्या यादीत येतच नाहीत. पाणथळीत मात्र चार बोटांच्या अंतरावर उजेड, ओल आणि आम्लता बदलते, म्हणून एवढ्याशा जागेत इतक्या जाती नांदतात. वाहत्या ओढ्यात दगडाला घट्ट चिकटलेले डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाची एकपेशी शैवालं, असतात. दगड टूथब्रशने घासून तो तपकिरी थर घ्या. बर्फाच्या पाण्याच्या थंडगार ओढ्यात दगडांवर तपकिरी, बुळबुळीत, उग्र वासाचे झुबके दिसले तर तो हायड्रुरस, तोही शैवालच. पाणी तापलं की तो नाहीसा होतो. ठिबकत्या कातळावर नीलहरित शैवालांचे काळे-हिरवे पट्टे असतात, तेही खरवडा.

शैवालांमुळे लाल झालेला बर्फ बघून भुलू नका. तो रंग त्यांच्या पेशींतल्या लाल रंगद्रव्याचा, म्हणजे अ‍ॅस्टाझँथिनचा. ज्याला आपण क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस म्हणत आलो, त्याला 2019 मध्ये सँग्विना निव्हॅलॉइड्स हे नाव मिळालं. पेशी अफाट, पण जाती मोजक्याच. विपुलता आणि विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे भल्याभल्यांना कळत नाही.

डायटमची जात जिवंत पेशीवरून सांगू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून नुसतं सिलिकाचं कवच उरू द्या आणि 100 पटीच्या तेलाच्या भिंगाखाली त्यावरच्या रेषा बघा. डेस्मिड मात्र त्याच दिवशी जिवंत बघायचे, कारण आयोडीनने हिरवा रंग जातो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. डेस्मिडची ही श्रीमंती आम्ल, कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यातली. तुमचा डोंगर चुनखडीचा असेल तर पाणथळीकडून ही अपेक्षा धरू नका. तिथे झरे आणि त्यांच्या तोंडाशी साचलेले चुन्याचे थर बघा. आणि माझी तुलनाही पूर्ण न्याय्य नव्हती. मी तलावाचं मोकळं पाणी एका मुठीतल्या मॉसशी ताडून पाहत होते. तलावाच्या काठावरचे दगड आणि पाणवनस्पती घासल्या असत्या तर त्याचीही यादी लांबली असती. ते करायलाही मला मनाई होती.

म्हणून पहिल्याच फेरीत सगळ्या जागांचे नमुने घ्या. प्रत्येक बाटलीवर तारीख, जागा, तापमान आणि पीएच लिहा, शाईने नाही तर पेन्सिलीने. प्रकरण काढायला सांगितलं तर यादी परिशिष्टात घालायचा हट्ट धरा, तीन पानं पुरतात. मला तेव्हा परिशिष्ट सुचलं नाही.