सात तारांच्या गिटारला कुठला अॅम्प घेऊ, ६५०५ की ड्युअल रेक्टिफायर? आणि कॉम्प्युटरवरचं हल्लीचं मेटल हे खरं मेटल आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. सात तारा, बी किंवा ए पर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग, वेगवान तुटक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आणि सेकंडहँडमध्ये एकच अॅम्प घ्यायचा असेल तर पीव्ही ६५०५. संथ, रुंद, भिंतीसारखं जाड वाजवत असाल तर मेसाचा ड्युअल रेक्टिफायर. पण तुम्ही पुढे लिहिलंय की तुमच्या बँडमधला सीनियर गिटारिस्ट म्हणतो, 'व्हॉल्व्हशिवाय मेटल नाही, आणि व्हॉल्व्ह अॅम्पच्या पुढे पेडल लावणारा कच्चा.' व्हॉल्व्ह म्हणजे अॅम्पमधल्या काचेच्या नळ्या, आणि पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्पच्या मध्ये लावायची, आवाज बदलणारी छोटी पेटी. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. म्हणून लांबलचक लिहितोय.

अंधेरीतल्या एका जॅमरूममध्ये आम्ही सराव करायचो. तिथे ड्युअल रेक्टिफायर होता, खाली चार स्पीकरचं कॅबिनेट. आमचा दुसरा गिटारिस्ट माझ्याहून बराच मोठा, मुंबईचं रंगभवन बंद होण्याआधी तिथे आय-रॉक हा रॉक महोत्सव पाहिलेल्या पिढीतला, त्यामुळे आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. त्याचं सेटिंग ठरलेलं होतं. चॅनेल मॉडर्नवर, गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) पूर्ण, मिड शून्य, बेस जवळजवळ पूर्ण. एकटा वाजवायचा तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि त्याचा चेहरा खुलायचा. ड्रम सुरू झाले की मात्र सगळं गिचमिड. आम्ही ए मध्ये वाजवायचो, म्हणजे सगळ्यात खालची तार ५५ हर्ट्झची. तिच्यावर तळहात टेकवून भराभर ठोके मारले की पहिला ठोका विरायच्या आत दुसरा यायचा. दोन ठोक्यांमधली शांतता हा त्या रिफचा अर्धा जीव, आणि तीच गायब. ड्रमर मध्येच थांबून विचारायचा, 'रिफ बदलला का?' रिफ तोच असायचा, त्याला तो ऐकूच येत नव्हता.

एका सरावाला मी गिटार आणि अॅम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर नावाचा पेडल लावला. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. अॅम्पचा गेन निम्म्याच्याही खाली आणला, मिड वर घेतला. तोच रिफ वाजवला आणि प्रत्येक ठोक्याला कड आली. पिक तारेवर घासल्याचा बारीक आवाज आधी, लगेच धक्का, लगेच थांबणं. बेस ड्रम आणि गिटार एकत्र पडायला लागले. बासिस्ट म्हणाला, मला पहिल्यांदाच माझी गिटार ऐकू आली. दादाने काय करावं? उठला, माझी केबल पेडलमधून उपसली, सरळ अॅम्पमध्ये खोचली आणि म्हणाला, 'पेडल लावून हात लपवतोस.' ते मला लागलं, आणि अजून लागतं, कारण त्या रिफवर मी मेट्रोनोम लावून रोज बसत होतो आणि तो बसत नव्हता. पुढे एका कॉलेज फेस्टला तो आपल्याच सेटिंगवर हटून बसला. साउंडवाल्याने बासगिटार वाचवायला त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढला, आणि शिव्या मात्र साउंडवाल्याने खाल्ल्या.

यात हात लपवण्यासारखं काही नाही. रेक्टिफायर काय, ६५०५ काय, दोन्हीत बेस-मिड-ट्रेबलचे नॉब डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, तयार झाल्यानंतर येतात. म्हणजे तुम्ही बेस कमी करता तोवर खर्ज गेनच्या टप्प्यांमधून जाऊन आधीच फुटलेला असतो. खालच्या स्वरांची लहर मोठी आणि हळू, ती क्लिप झाली, म्हणजे तिचे शेंडे कापले गेले, की वरचं सगळं गिळते. खर्ज कापायचा तो गेनच्या आधी. पखवाजी धुमेला (डाव्या तोंडाला) कणीक लावून खर्ज आधी बसवतो आणि मग वाजवायला घेतो, तसंच. ट्यूब स्क्रीमर नेमकं हेच करतो. साधारण ७२० हर्ट्झच्या खाली त्याचा जोर उतरत जातो, मधला पट्टा पुढे येतो, आणि वाढलेल्या लेव्हलने अॅम्पचा पहिला व्हॉल्व्ह चांगला ढकलला जातो.

दादाचा आवडता अल्बम मेटालिकाचा १९८६ चा मास्टर ऑफ पपेट्स. त्यात त्यांचा गिटारिस्ट हेटफिल्डने मेसाचाच मार्क टू सी प्लस हा अॅम्प वापरलाय, आणि त्या अॅम्पमध्ये टोनचे नॉब गेनच्या आधी आहेत. म्हणून मार्क वापरणारे बेसचा नॉब जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि शेवटच्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर खर्ज परत चढवतात. जे काम मी बाहेरच्या पेडलने करत होतो ते तिथे अॅम्पच्या पोटात होतंय. तिथे ती कला, आणि मी केलं की लबाडी?

आता 'व्हॉल्व्हशिवाय मेटल नाही' बद्दल. पँटेराचा गिटारिस्ट डायमबॅग डॅरल. काउबॉइज फ्रॉम हेल १९९०, व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर १९९२. हे दोन अल्बम ज्या आवाजावर उभे आहेत तो रँडल आरजी १०० चा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या अॅम्पचा. तो धारदार आवाज त्याला मुद्दाम हवा होता. आणि स्वीडनचा बँड एंटूम्ड. १९९० चा लेफ्ट हँड पाथ, स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, आणि बॉसचा एचएम-२ हा स्वस्तातला पेडल, चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले. त्या एका आवाजावर स्वीडिश डेथ मेटलची अख्खी शाखा उभी राहिली. बॉसने १९९१ च्या सुमारास बंद केलेला तो पेडल लोक इतकी वर्षं शोधत राहिले की २०२१ मध्ये कंपनीला नवी आवृत्ती काढावी लागली. हे माहीत नसताना पेडलवाल्याला कच्चा म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

हल्लीच्या मेटलवर माझं मत सरळ आहे. मेशुगा हा स्वीडिश बँड ऐकताना कुणी 'हे मशीन वाजवतंय' म्हणाला तर त्याने एकदा त्यांचं ब्लीड वाजवून दाखवावं. २००८ च्या ऑब्झेन अल्बममधलं ते गाणं. ड्रमर टॉमस हाकेचे पाय जो नमुना चालवतात तोच गिटारवाल्यांचा उजवा हात मिनिटामागून मिनिटं चालवतो, आठ तारांच्या गिटारवर, आणि लाइव्हही वाजवतो. हे लोक अॅक्स-एफएक्सवर गेले, म्हणजे अॅम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल पेटीवर, तेव्हा त्यांचा हात कुठे गेला नाही. उलट असल्या पेटीत काही लपतच नाही. जाड व्हॉल्व्हच्या गुरगुरीत एक चुकलेला ठोका खपतो, गेट (ठोक्यांमधला बारीक आवाज बंद करणारी सोय) लावलेल्या कोरड्या आवाजात तो उघडा पडतो.

आपल्याकडे तर याचा फायदा आणखी मोठा. वीसेक किलोचं हेड (स्पीकरशिवायचा अॅम्प) आणि त्याहून जड कॅबिनेट घेऊन मुंबईहून पुण्याला जायचं म्हटलं तरी टेम्पो लागतो, बेंगळुरू तर सोडाच. दिल्लीच्या केशव धरने स्कायहार्बर हा बँड घरच्या रेकॉर्डिंगवर सुरू केला आणि २०१२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम बाहेरदेशी गाजला. तो मुलगा रेक्टिफायर परवडायची वाट बघत बसला असता तर?

तरी नव्या शैलीची सरसकट बाजू मी घेणार नाही. एकच प्रीसेट (पेटीतलं तयार सेटिंग), तीच मोकळी खालची तार, तोच थांबून-धडकणारा रिफ, आणि ड्रमचा प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर तालाच्या ग्रिडवर ओढून बसवलेला. असले शेकडो बँड आहेत आणि मला ते दोन गाण्यांपलीकडे ऐकवत नाहीत. पण त्याचा दोष संपादन करणाऱ्याचा आणि रिफ न सुचणाऱ्याचा, पेटीचा नाही. आमच्या वेळी मेटालिकाची नक्कल करणारे जे शंभर बँड होते तेही कंटाळवाणेच होते, आणि सगळे व्हॉल्व्हवर वाजवायचे.

तर तुमच्या त्या सीनियरला एवढंच सांगा: गेन निम्म्यावर आण, मिड वर घे, मेट्रोनोम लाव आणि आपलाच रिफ वाजव. जमला तर पेडल काढून टाकू. आमच्या दादाने हे कधीच केलं नाही.

आता अॅम्पबद्दल राहिलेल्या गोष्टी, ज्या खरं तर वर सांगायला हव्या होत्या. ६५०५ म्हणजे जुना ५१५० च, १९९२ चा. एडी व्हॅन हेलन पीव्हीपासून वेगळा झाल्यावर नाव बदललं, त्यामुळे जुना ५१५० चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोही चालेल. त्याचा बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून एरवी वाहणाऱ्या विजेचं प्रमाण, कारखान्यातूनच थंड ठेवलेला असतो आणि बदलायला नॉब नाही. तो कडक, कोरडा आवाज काही अंशी त्यातूनच येतो. कुणी 'बायस मॉड केलाय' म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ऐकल्याशिवाय देऊ नका. रेक्टिफायरवर मागे डायोड की व्हॉल्व्ह रेक्टिफिकेशन असा स्विच असतो. तुमच्या वाजवण्याला डायोड, आणि दुसरा स्विच स्पंजीवर नको, बोल्डवर ठेवा. आणि अॅम्पपेक्षा स्पीकर जास्त फरक पाडतो हे मी ठामपणे सांगतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० लावलेलं कॅबिनेट मिळत असेल तर आधी ते घ्या.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहता असंही लिहिलंय. मग १२० वॉटचं हेड तुम्ही कधीच नीट उघडून वाजवू शकणार नाही. अशा वेळी मी सरळ गिटार कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घेईन आणि कॉम्प्युटरवर एनएएम (न्यूरल अॅम्प मॉडेलर, अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकेन. ते फुकट आहे आणि त्यात लोकांनी आपापल्या ५१५० चे नमुने करून ठेवलेत. हेडसाठी साठवलेले पैसे स्टेजवर जायची वेळ येईपर्यंत तसेच राहू द्या.

आणि सेकंडहँड हेड घेतलंच तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून कुणा नातेवाइकाने आणलेला असेल तर तो १२० व्होल्टचा असणार. त्याला दणकट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, निदान ५०० व्हीएचा. मिक्सर-ग्राइंडरसाठी मिळतात तसले छोटे डबे त्यावर लावू नका. विकणाऱ्याला तुमच्यासमोर अर्धा तास चालू ठेवायला लावा, कारण थकलेले व्हॉल्व्ह आणि कोरडे झालेले कपॅसिटर गरम झाल्यावरच बोलतात.