एक जुना सेल, एक नवा सेल: ही जोडी टॉर्चमध्ये नको

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वडील रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजायला जातात. दोन लिथियम आयन सेलच्या टॉर्चमधला एक सेल गेला, दुकानदाराने ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेला नवा दिला, तो तू जुन्याबरोबर घातलास, आणि आता चार्जरवर त्यातला एक हात लावता येईना इतका तापतो. तरी वापरू का, असं विचारलं आहेस.

नको. आजच दोन्ही सेल टॉर्चमधून काढ, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव आणि घराबाहेर, पाचट-कडब्यापासून लांब, मातीच्या कुंडीत ठेव. चार्जरला परत लावू नकोस. मग बाकीचं वाच. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. मी इथे टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरतो.

दोन सेल एकामागे एक असले की दोन्हींतून करंट तेवढाच जातो. कमजोर सेल आधी संपतो, पण टॉर्च बंद होत नाही, कारण दुसऱ्यात अजून जीव असतो. तो दुसरा सेल संपलेल्यातून करंट ढकलत राहतो. संपलेला सेल अडीच व्होल्टच्या खाली जातो, मग शून्यावर, मग चक्क उलटा होतो, म्हणजे त्याच्या धन-ऋण बाजू बदलतात. आत ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो, तो विरघळायला लागतो आणि ते तांबं नको तिथे जाऊन बसतं. असा सेल परत चार्जिंगला लावला की आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, मग तो तापतो आणि वायू धरतो. वायू सुटायला सेलच्या वरच्या टोकाला भोकं असतात, पण टॉर्चमध्ये पाणी शिरू नये म्हणून रबरी रिंगा बसवलेल्या असतात. पाणी आत येत नाही तसा वायूही बाहेर पडत नाही. शेवटी टॉर्चची नळीच फुटू शकते, आणि ती नळी त्या वेळी वडिलांच्या मुठीत असते.

म्हणून दोन सेलची टॉर्च वापरायचीच असेल तर दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, कायम जोडीनेच चार्ज केलेले आणि जोडीनेच बाद केलेले हवेत. माझं मत विचारशील तर शेतावर दोन सेलची टॉर्च नकोच.

९९०० चा आकडा तर सरळ खोटा आहे. टॉर्चमधल्या या सेलच्या मापाला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातो. मी असाच एक सेल कोल्हापूरच्या गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला होता. ३१ ग्रॅम भरला. खात्रीचा सेल ४६ भरला. पंधरा ग्रॅम माल आतून गायबच, आणि वर छापलंय तिप्पट. तुझ्या गावच्या किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावरसुद्धा हे कळेल.

आता चार्जर. लिथियम आयन सेल ४.२ व्होल्टला भरला म्हणजे भरला. त्यानंतर चार्जरने थांबायलाच पाहिजे. टॉर्चबरोबर फुकट येणाऱ्या चार्जरवर माझा विश्वास नाही. माझ्याकडच्या एकाचा दिवा हिरवा झाल्यावर मी सेल काढून लगेच मीटर लावला, तर ४.३३. त्याच रात्री तो चार्जर मोडीत टाकला. उद्यमनगरात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो, तो घे. सेल काढल्याबरोबर ४.१५ ते ४.२० दिसलं पाहिजे. सेल बराच काळ पडून दोन व्होल्टच्याही खाली गेला असेल तर त्याला जिवंत करायच्या नादाला लागू नकोस. चार्जिंग शहाबादी फरशीवर कर, घरात कोणी जागं असताना. गादीवर नको, रात्रभर नको, आणि मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली तर मुळीच नको.

एक गोष्ट जवळून बघ. सेलचं वरचं बटण धन असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या बटणाच्या भोवतीची जी गोल कड आहे, ती आणि खालचा सगळा डबा ऋण असतो. दोन्हींच्या मधे आत एक प्लास्टिकची चकती आणि वरून कागदासारखं पातळ वेष्टन, एवढंच. टॉर्चमध्ये घालता-काढता ते वेष्टन पहिल्यांदा त्या कडेवरच फाटतं. माझ्या एका सेलचं नखाएवढं फाटलं होतं आणि तो मी मोटारीच्या खोलीच्या किल्लीबरोबर पँटच्या खिशात टाकला. बांधावरून विहिरीपर्यंत जाईतो मांडी भाजायला लागली. किल्ली बटण आणि कडेला एकदमच टेकली होती. खिशासकट पँट काढून फेकली म्हणून वाचलो, पण फोड आठ दिवस होता. तेव्हापासून सुटा सेल मी प्लास्टिकच्या डबीतच ठेवतो. वेष्टन फाटलेला सेल तसाच वापरायचा नाही. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे आकसणारी स्लीव्ह मिळते, ती नीट बसवता आली तर बसव, नाहीतर सेल बाद.

वडिलांसाठी मी घेईन ती एकाच १८६५० सेलची टॉर्च. सेल आत संरक्षक सर्किट असलेला घे, व्होल्टेज जास्त खाली किंवा जास्त वर गेलं की तो स्वतःच करंट तोडतो. त्या सर्किटमुळे सेल ६८ ते ७० मिलिमीटर लांब होतो, म्हणून टॉर्चमध्ये बसतो का ते दुकानातच घालून बघ. सरीत पाणी वळवायला दारं मोडायला, पायाखालची घोणस दिसायला मध्यम उजेड पुरतो. ३००० एमएएचचा खरा सेल त्या उजेडावर पाण्याची अख्खी पाळी काढतो. भगभगीत उजेडावर सतत ठेवला तर टॉर्चही तापते आणि सेलही.

वडिलांना मीटर, व्होल्ट काही बघायचं नसेल तर पेन्सिल सेलची टॉर्च आणि निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल, १.२ व्होल्टचे. उजेड थोडा कमी, पण निर्धास्त. फक्त एक बघ: १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखाच असतो आणि देतो ३.७ व्होल्ट. घरात तो असेल तर त्यावर मार्करने ठळक लिहून ठेव, नाहीतर कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळात घालेल.

कधी सेल सूं-सूं आवाज करायला लागला, नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला, तर टॉर्च उघडत बसायचं नाही. उघड्या ओल्या सरीत लांब फेकायची, पाचटात नाही, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. त्या धुरात विषारी वायू असतो.

कुंडीतले ते दोन सेल घंटागाडीत टाकू नकोस, कचरा दाबताना पेट घेतात. ई-कचरा घेणाऱ्याकडे पट्टी लावूनच दे. त्याआधी त्यांना मीटर लावलास तर दोन्हींचे आकडे इथे लिही, कुठला सेल उलटा गेला असावा त्याचा अंदाज सांगतो.