तीन एप्रिल की चार मार्च?

प्रश्न (सिन्नर) : एक्सेलमधली यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून पॉवर बीआय या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तर गावांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. त्यात मराठी चालत नाही म्हणे?

उत्तर : चालतं. ही ऐकीव गोष्ट कृपा करून पुढे पाठवू नका. साध्या सीएसव्हीत सेव्ह करताना एक्सेलनेच अक्षरं गाळली, ती त्या फाइलमधून परत येणार नाहीत. मूळ फाइल उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' (मराठी अक्षरं टिकवणारा) प्रकारात सेव्ह करा. मूळ फाइल नसेल तर जिथून आली तिथे मागा. नावं अंदाजाने भरू नका.

प्रश्न (पंचवटी) : शेवटची 'एकूण' ओळ ठेवू का?

उत्तर : नको, सॉफ्टवेअर तीही ओळ बेरजेत धरेल आणि बेरीज दुप्पट होईल.

प्रश्न (निफाड) : लासलगावच्या वर्षभराच्या कांदा आवकेचा पॉवर बीआयमध्ये आलेख केला. दर महिन्याच्या १२ तारखेनंतर तो रिकामा येतो. क्लासवाले म्हणतात, पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या.

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. तुम्ही ०३/०४/२०२५ लिहिलंत ते तीन एप्रिल म्हणून. अमेरिकी सेटिंगचं सॉफ्टवेअर ते चार मार्च वाचतं. २५/०४ आलं की पंचविसावा महिना नसतो, म्हणून जागा रिकामी. त्या रिकाम्या जागांमुळे निदान तुम्ही विचारलंत. मला काळजी भरलेल्या जागांची आहे. वर्षातल्या १४४ तारखांत दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असतात. ०१/०१, ०२/०२ अशा १२ सोडल्या, तर १३२ दिवसांची आवक गुपचूप भलत्याच दिवशी जाऊन बसते. लाल कांदा सरून उन्हाळ कांदा येतो त्याच सुमारास मार्च-एप्रिलची अदलाबदल झाली, तर आलेखावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष खोटा! आणि आलेख दिसतो मात्र छान.

तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटल्या असतील तर एक्सेलने बहुधा त्यांना मजकूर धरलंय. आधी ते दुरुस्त करा. मग रकान्याला २०२५-०४-०३ असं वर्ष-महिना-दिवस रूप द्या. सीएसव्हीत सेलमध्ये दिसतं तेच उतरतं. नंतर दहा-बारा दिवसांची आवक मूळ नोंदींशी ताडून बघा, नोंदी करणाऱ्यालाच शेजारी बसवून.

प्रश्न (ओझर) : द्राक्षबागायतदारांच्या नावं-मोबाइल नंबरांच्या तक्त्यात शीर्षकाच्या दोन ओळींतले सेल मर्ज केले (एकत्र जोडले) आहेत, म्हणून तो पॉवर बीआयमध्ये नीट येत नाही. सादरीकरण उद्या आहे. फुकट संकेतस्थळावरून फाइल बदलून घेऊ?

उत्तर : शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर असलेली फाइल अनोळखी संकेतस्थळावर? अजिबात नाही. मर्ज काढा, शीर्षकाची एकच ओळ ठेवा. पण हे आदल्या दिवशी विचारायचं काम नाही. संस्थेतल्या संगणक जाणणाऱ्याला आज रात्रीच फाइल दाखवा. नाही जमलं, तर सादरीकरण पुढे ढकला.