एफडी मोडायची की कर्ज काढायचं? ताई, आधी प्रपोजल फॉर्म उघडा

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं पत्र आहे. वडील ६३ वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन्ही गुडघे बदलायची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. मुंबई नाक्याजवळच्या रुग्णालयाने खर्चाचा अंदाज ४ लाखांचा दिलाय आणि भरती होताना १ लाख डिपॉझिट मागितलंय. ५ लाखांचा मेडिक्लेम आहे, दोन वर्षं चार महिने जुना. त्यांचा प्रश्न असा: "डिपॉझिट आणि वरच्या खर्चासाठी बाबांची ६ लाखांची एफडी मोडू, की ३ लाखांचं पर्सनल लोन काढू? क्लेम पास झाला की पैसे परत येतीलच." आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता: "बाबांना नऊ वर्षांपासून शुगर आहे, पण एजंटने फॉर्ममध्ये ती लिहिली नाही. तीन वर्षं झाली की कोणी विचारत नाही, असं तो म्हणतो. आमचे डॉक्टर ओळखीचे आहेत, शुगर आत्ताच निघाली असं लिहून देतील."

ताई, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पर्सनल लोन नको. ३ लाख, १४ टक्के, तीन वर्षं म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार हप्ता आणि एकूण व्याज सत्तर हजारांच्या घरात. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक साधारण एक टक्का कापते. तुमच्या एफडीला वर्ष झालंय, म्हणजे सहा हजारांचा फटका. आणि जे डिपॉझिट परत यायचं आहे, तेवढ्यापुरती एफडी मोडूही नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतो, तोही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरता.

पण हे सगळं "क्लेम पास झाला की" या एका वाक्यावर उभं आहे, आणि तुमची पॉलिसी आज जशी आहे तशी राहिली तर क्लेम पास होईल असं मला वाटत नाही.

पॉलिसीची पीडीएफ जोडलीत ते बरं केलं. तिच्या शेवटच्या पानांवर प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सांध्यांचं दुखणं, सध्या चालू असलेली औषधं, सगळ्यांपुढे "नाही". खाली बाबांची मराठीत सही. हा फॉर्म एजंटने भरला हे मला मान्य आहे, आणि असे फॉर्म भरणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. स्वतःचं कमिशन अडकू नये म्हणून ते गिऱ्हाइकाचं म्हातारपण धोक्यात घालतात. तरीही सही बाबांची आहे. क्लेमच्या वेळी कंपनी ते बाबांचंच निवेदन मानते आणि तोवर एजंट फोन उचलायचा बंद झालेला असतो.

आता भरतीच्या वेळी काय होईल ते बघा. रुग्णालयाकडून कंपनीला जो पूर्वमंजुरीचा फॉर्म जातो, त्यात मधुमेह, रक्तदाब यांच्यापुढे "कधीपासून" असा रकाना असतो आणि तो डॉक्टरांच्या सहीने जातो. शस्त्रक्रियेआधी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासणार. भूलतज्ज्ञ विचारणार, रोज कुठल्या गोळ्या घेता? बाबांनी तिथे खरंच सांगायला हवं. शुगरच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेआधी थांबवाव्या लागतात आणि साखर आटोक्यात नसेल तर जखमेत जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो. क्लेमसाठी केसपेपरवर खोटं लिहायचं म्हणजे टेबलावर बाबांच्या जिवाशी खेळायचं. ओळखीच्या डॉक्टरांना असं काही लिहायला सांगूसुद्धा नका. नऊ वर्षांची प्रिस्क्रिप्शनं, लॅबचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं कुठे ना कुठे असतातच आणि कंपनीचा तपासनीस तीच शोधत येतो. आज जी माहिती दडवलेली आहे, ती त्या खोट्या चिठ्ठीने सरळ फसवणूक ठरेल.

एजंटचं "तीन वर्षं" कुठून आलं तेही सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून, पॉलिसीच्या आधीच्या आजारांच्या क्लेमसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. हे *सांगितलेल्या* आजारांबद्दल आहे. दडवलेल्या आजारावरून कंपनीला हरकत घेता येऊ नये, यासाठी सलग ६० महिने पॉलिसी चालू असावी लागते, आणि त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर संरक्षण नाही. तुमचे झालेत २८.

मला खरी काळजी या ४ लाखांची नाही. ते तुमच्याकडे आहेत, एफडीत पडून आहेत. क्लेम नाकारताना कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते, आणि ६३ व्या वर्षी, शुगर असताना, "आधीची पॉलिसी रद्द झाली होती" हे लिहून नवी मागावी लागेल. गुडघ्याचा खर्च एकदाच आहे. ७० व्या वर्षी हृदयाचं काही निघालं, अतिदक्षता विभागात पंधरा दिवस काढावे लागले, तर एफडीत काय उरलेलं असेल? ही पॉलिसी त्या दिवसासाठी वाचवायची आहे.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख महिना-दीड महिना पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गुडघेबदल ही ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे, बहुतेक वेळा तेवढं थांबता येतं. या आठवड्यात कंपनीला बाबांच्या नावाने मेल करा. मधुमेह कधीपासून, गोळ्या कोणत्या, गुडघे पहिल्यांदा कधी दाखवले, हे सगळं तारखांसह लिहा, जुने कागद जोडा. एजंटमार्फत नको, थेट. कंपनी जास्त प्रीमियम लावेल, थांबण्याचा काळ लावेल, किंवा रद्द करेल. तिसरी शक्यता आहे, ती मी लपवत नाही. पण स्वतःहून सांगणाऱ्याची बाजू क्लेममध्ये पकडल्या गेलेल्यापेक्षा नक्कीच बरी असते. जास्त प्रीमियमचं फार मनावर घेऊ नका. तुमचा प्रीमियम १८ टक्के जीएसटीसह ३१ हजार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, म्हणजे मूळ २६ हजार. त्यावर वीस टक्के वाढले तरी तुम्ही परत ३१ हजारांवरच.

गुडघ्यांचे पैसे मात्र एफडीतूनच जाणार असं धरून चला. ४ लाख गेले, २ लाख उरले. कंपनीने नंतर काही दिलं तर ते परत एफडीत. दरम्यान रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेतल्या रुग्णालयांत तो बसलेला असतो. बाबांच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज आहे का, असलं तर कुठल्या रुग्णालयात, हे त्याच्याकडून कळेल. ही योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

खोलीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण अंदाजपत्रकात ७,५०० रुपयांची स्वतंत्र खोली दिसते. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,००० आहे. फरक दिवसाला अडीच हजारांचा, पाच दिवसांचे साडेबारा हजार, असा हिशोब लोक करतात. तो चुकीचा आहे. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात दोन-तृतीयांश होतं. कृत्रिम सांधे, औषधं आणि तपासण्या यांना ही कपात लागत नाही. तुमच्या अंदाजपत्रकात या तिन्हींचे मिळून २ लाख १० हजार आहेत. उरलेल्या १ लाख ९० हजारांतले ६० ते ६५ हजार तुमच्या खिशातून. कंपनीने क्लेम मान्य करायची शक्यता दिसली तर दोघांची खोली घ्या.

बाबांनी घरात अडीच लाख रोख ठेवलेत, तेही काउंटरवर नेऊ नका. एका भरतीसाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख रुग्णालयाला कायद्याने घेता येत नाही.

त्याच एजंटने बाबांच्या गळ्यात मारलेली ४८ हजारांची मनीबॅक पॉलिसी "त्यात मेडिकल आहे" म्हणून चालू ठेवू नका. त्यातला रायडर, म्हणजे वरून जोडलेलं संरक्षण, ठरावीक गंभीर आजारांपुरतं आहे, गुडघा त्या यादीत नाही. निवृत्त माणसाच्या कमाईवर कोणी अवलंबून नसताना हे आयुर्विमा संरक्षण कोणासाठी? तीन हप्ते गेलेत, सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर किती मिळतील ते कंपनीकडून लेखी मागवा.

मेलचं उत्तर आलं की मला पाठवा. कंपनी काय म्हणते त्यावर एफडीतले नेमके किती मोडायचे ते ठरेल. तोवर डिपॉझिट भरू नका.